दासोहाच्या ताटात आठवड्यातून दोन दिवस शाळेची भाजी: बेळगाव सीमाभागातल्या शाळा आणि तरुण मंडळांसाठी

५ जूनला शाळेच्या आवारात खड्डे काढले जातात, पाहुणे येतात, रोपाला हात लावून फोटो होतो. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरं रोप लागतं, कारण पहिलं एप्रिल-मेच्या सुट्टीत वाळलेलं असतं. खानापूर, बेळगाव, हुक्केरी, निपाणी, चिक्कोडी, अथणी अशा कुठल्याही तालुक्यात हे चित्र दिसतं, आणि त्यात शिक्षकांचा दोष फारसा नसतो. पाणी कोण घालणार, सुट्टीत कोण बघणार आणि उगवलेलं कुणाच्या पोटात जाणार, या तीन गोष्टी बी पेरायच्या आधी ठरलेल्या नसतात. पुढे जे सांगितलं आहे ते याच तीन गोष्टींभोवती फिरतं. शाळेत काय करायचं ते आधी सांगतो. शाळा सोडलेल्या तरुणांना यात कसं ओढायचं ते नंतर येईल, कारण त्यांचं गणित वेगळं आहे.

आधी ताटाचा हिशेब

कुदळ हातात घेण्यापूर्वी पहिला आठवडा मुलांना स्वयंपाकघराच्या दारात उभं करा. दासोहाचं, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाचं सरकारी प्रमाण ठरलेलं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी. हे आकडे फळ्यावर लिहा आणि आपल्या पटाने गुणायला लावा. पाचवीपर्यंत ४० आणि पुढे २० मुलं असलेल्या शाळेला रोज साडेतीन किलो भाजी लागते. तेवढी खरंच शिजते का, हे मुलांनी तराजूवर बघावं. सांबारात तरंगणारे दोन तुकडे भोपळ्याचे आणि कागदावरची ५० ग्रॅम यांतलं अंतर मुलांना स्वतःला कळतं. त्यावर भाषण द्यायची गरज उरत नाही. मात्र हा हिशेब स्वयंपाकाच्या मावश्यांवर आरोप म्हणून येता कामा नये. त्यांना आधी विश्वासात घ्या. भाजीसाठी मिळणारे पैसे आणि बाजारातला भाव यांत त्यांचीच रोज ओढाताण होत असते.

मग दुसरा प्रश्न: आजच्या ताटातलं काय कुठून आलं? तांदूळ सरकारी गोदामातून आला, तेलाच्या पिशवीवरचा पत्ता वाचायचा, डाळीचं पोतं बघायचं, भाजी कुठल्या बाजारातून आली ते मावशींना विचारायचं. नकाशा भिंतीवर लावून दोरे ताणा. चिक्कोडी, रायबाग, अथणीकडच्या शाळांत या नकाशातून एक चमत्कारिक गोष्ट बाहेर पडते. शाळेच्या चारी बाजूंना ऊस, आणि मेथीची पेंडी मात्र टेंपोतून येते. अन्नसुरक्षा हा शब्द सातवीच्या मुलाला समजावायला मला याहून सोपा रस्ता माहीत नाही.

आता उद्दिष्ट ठरवा, आणि ते छोटं ठरवा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण ३३ बाय ३३ फूट. त्यात ३ फूट रुंद आणि १० फूट लांब वाफे, मध्ये दीड फुटाच्या वाटा ठेवल्या तर १४ वाफे बसतात आणि एका कडेला खताच्या खड्ड्याला, वेलांच्या मांडवाला जागा राहते. नीट भरलेल्या एका वाफ्यातून एका काढणीला तीन-चार किलो पालेभाजी धरायला हरकत नाही. म्हणजे साठ मुलांच्या शाळेला एक वाफा हा एका दिवसाच्या भाजीइतका. सगळे वाफे एकदम कधीच तयार नसतात. काही रिकामे, काही उगवते, काही किडीने खाल्लेले. म्हणून आठवड्यातून दोन दिवस शाळेची भाजी हे उद्दिष्ट ठेवा. 'शाळा भाजीत स्वयंपूर्ण' असा फलक कुणी लावत असेल तर त्याला हे गुणाकार दाखवा.

माणसं आणि कागद

शाळा विकास समितीच्या, म्हणजे आपल्याकडे सगळे म्हणतात त्या एसडीएमसीच्या बैठकीत ठराव करून घ्या. ठरावात चार गोष्टी स्पष्ट असू द्या: जागा कुठली, पाणी कुठलं, भाजी दासोहाला जाणार, आणि मुलांचं काम कार्यानुभवाच्या किंवा इको क्लबच्या तासाला, पालकांच्या संमतीने होणार. शेवटचा मुद्दा लिहून ठेवाच. मुलांकडून शाळेत कामं करवून घेण्यावरून पालक हल्ली पटकन चिडतात आणि त्यांचं बरोबर असतं. शिक्षा म्हणून वाफे खणायला लावणं, अभ्यासात मागे असलेल्यांनाच बागेत पाठवणं, मुलींकडे झाडू आणि मुलांकडे कुदळ, शेण उचलायला ठरावीक वाड्यातली मुलं, हे प्रकार पहिल्या दिवसापासून बंद. कामांची पाळी चिठ्ठ्या टाकून लावा आणि दर पंधरवड्याला बदला.

जबाबदारी दोन शिक्षकांवर ठेवा. बाग एकाच सरांच्या हौसेवर चालत असेल तर सरांच्या बदलीबरोबर तीही जाते. तिसरं माणूस गावातलं हवं, आणि माझं मत विचाराल तर ते माणूस म्हणजे स्वतः भाजी पिकवून बाजारात विकायला बसणारी बाई. कडोली-कंग्राळीकडे अशा बायका घरोघरी आहेत. पेंडी कधी काढायची, कुठली भाजी कधी महाग होते, पावसात मेथी का कुजते, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना 'मार्गदर्शक' म्हणून वर्गात बोलवा, खुर्ची द्या, चहा द्या. कृषी अधिकाऱ्याला जो मान देतो तोच.

सरकारी मदतीसाठी पहिलं दार म्हणजे होबळीचं (तालुक्याखालच्या गावगटाचं) रयत संपर्क केंद्र. माती परीक्षण, बियाण्यांची उपलब्धता, योजनांची माहिती तिथे मिळते. जिल्ह्यात दोन कृषी विज्ञान केंद्रं आहेत, बैलहोंगल तालुक्यात मत्तिकोप्पला आणि गोकाकजवळ तुक्कानट्टीला. धारवाड कृषी विद्यापीठाचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी गावात राहून काम शिकतात. त्या कार्यक्रमात आपलं गाव घ्यावं अशी विनंती शाळा करू शकते. कुंपणासाठी ग्रामपंचायतीत जा आणि रोजगार हमीच्या आराखड्यात ते बसतं का बघा. हे सगळे अर्ज कन्नडमध्ये द्या. गावातल्या कॉलेजच्या पोराकडून लिहून घेतलं की काम होतं. मराठी अर्ज टेबलावर पडून राहतो आणि आपण वाद घालत बसतो. वादाची जागा वेगळी आहे, मेथीच्या वाफ्यात तो आणू नये.

जागा, पाणी, कुंपण

सकाळी नऊपासून दुपारपर्यंत ऊन लागणारी, बोअर किंवा नळापासून जवळची जागा घ्या. वडाखाली, इमारतीच्या सावलीत पालेभाजी बारीक आणि उंच होते, भरत नाही. बेळगाव शहरातल्या सिमेंटच्या आवारात गोणपाटं, रंगाचे धुतलेले डबे आणि जुने ड्रम चालतात, पण गच्चीवर माती चढवण्याआधी इमारतीचं वय बघा.

उन्हाळी दिवसांत प्रत्येक चौरस मीटरला रोज पाचएक लिटर पाणी धरा. १४ वाफ्यांचं क्षेत्र ३९ चौरस मीटर, म्हणजे दिवसाला सुमारे २०० लिटर. हे ऐकून मुख्याध्यापकांचा चेहरा पडतो, पण जेवणाआधी हात आणि जेवणानंतर ताट धुताना किती पाणी वाहून जातं ते मुलांना बादली लावून मोजायला सांगा. त्यातलं साबणाचं पाणी केळी, अळू आणि पपईच्या आळ्यात सोडा, पालेभाजीवर नको. बिनसाबणाचं पाणी बारीक वाळूच्या खड्ड्यातून काढून वाफ्यांना चालतं. छपराचं पाणीही मोजण्यासारखं आहे. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर. ५०० चौरस फुटांच्या वर्गखोलीवर १० मिलिमीटरची एक सर पडली तर गळती धरूनही साडेतीनशे लिटरच्या वर पाणी मिळतं. सरळ उभ्या बाजूंची बाटली आणि पट्टी घेतली की मुलांचं पर्जन्यमापक तयार. भरपूर पावसाच्या कणकुंबीच्या शाळेतली पावसाची वही आणि कोरड्या अथणीच्या शाळेतली वही वर्षअखेर शेजारी ठेवून बघावी. एकाच जिल्ह्यातली आहेत यावर मुलांचा विश्वास बसत नाही.

कुंपणाशिवाय सुरुवात करू नका. गावातल्या शेळीला एक रात्र पुरते. खानापूरच्या पश्चिमेला, भीमगडच्या जंगलालगतच्या गावांत माकडं, रानडुकरं, गवे आहेत. तिथे काटेरी कुंपणानेही भागत नाही. तिथे पीक बदलणं शहाणपणाचं. हळद, आलं, सुरण, मिरची, कारली यांच्याकडे माकडं सहसा वळत नाहीत. भुईमूग, मका, रताळी लावलीत तर ती तुमच्यासाठी राहणार नाहीत.

माती

पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर साबणाची पावडर, जोरात हलवून टेबलावर ठेवायची. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, पोयटा दोनएक तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत. थरांची उंची पट्टीने मोजली की माती कुठल्या जातीची ते कळतं. येळ्ळूर-शहापूर शिवारातली काळी माती आणि खानापूरची तांबडी माती अशा दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तर विज्ञानाचा एक पूर्ण तास निघतो.

प्रयोगशाळेत पाठवायचा नमुना असा घ्या: आठ-दहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही आकाराचा, सहा इंच खोल खड्डा, त्याच्या कडेची उभी चीप काढायची. सगळी माती कापडावर मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. सावलीत वाळवून द्यायची. हे काम एप्रिल-मेमध्ये, खत घालायच्या आधी.

अथणी, कागवाड, रायबागकडे कृष्णाकाठच्या काही जमिनी जास्त पाण्याने क्षारपड झाल्या आहेत. शाळेची जागा पांढरी पडत असेल तर घेवडा, गाजर लावून निराश होऊ नका; पालक आणि बीट तिथे बऱ्यापैकी तग धरतात. वाफे उंच करा, निचरा काढा, शेणखत सढळ हाताने घाला.

मिरगापासून पुढे

आपल्या शाळा मे अखेरीस, जूनच्या तोंडावर उघडतात आणि रोहिणी २५ मेच्या सुमारास निघते. हा मेळ सोयीचा आहे. रोहिणीत वाफे भरून घ्या: प्रत्येक वाफ्याला तीन-चार बुट्ट्या कुजलेलं शेणखत. पाऊस जास्त असलेल्या भागात वाफा नऊ इंच तरी उंच हवा, नाहीतर जुलैत सगळं सडतं. याच वेळी कडेने शेवगा लावा. पीकेएम-१ किंवा बागलकोट बागायत विद्यापीठाचा 'भाग्य' हे वाण सहा ते आठ महिन्यांत फुलायला लागतात. शेंगांपेक्षा पाला महत्त्वाचा. मूठभर पाला रोजच्या सांबारात पडला तरी तुमच्या बागेने काम केलं.

मिरगात, म्हणजे ७-८ जूनच्या पुढे भेंडी, गवारी, अळसंदे (चवळी), दोडका, काकडी, भोपळा, अंबाडी. भेंडीचं 'अर्का अनामिका' हे बेंगळुरूच्या संशोधन संस्थेचं सरळ वाण आहे, त्यामुळे त्याचं बी पुढच्या वर्षी वापरता येतं. संकरित पाकिटातलं बी तसं राखून चालत नाही. पहिली भेंडी ४५ ते ५० दिवसांत मिळते. तरण्या-म्हाताऱ्या पावसात, जुलैभर, पालेभाजीचा नाद सोडा. त्या दिवसांत अळू आणि वेल सांभाळायचे आणि बांधावरचा टाकळा, कुरडू या रानभाज्या ओळखायला शिकायचं. अळंबी मात्र मुलांकडून गोळा करवू नका, कितीही जाणकार आजी बरोबर असली तरी.

ऑगस्टमध्ये व्हरांड्यात टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं तयार करायची, गणपतीनंतर लावायची. नवरात्रात घरोघरी घट बसतो तेव्हा मुलांना वही देऊन पाठवा: घटात कुठली धान्यं पडली, कितव्या दिवशी काय उगवलं. दसऱ्याची सुट्टी संपून शाळा उघडली की ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीने मांडून गुंडाळी करून ठेवा. ८० उगवले तर बी चांगलं, ६० उगवले तर पेरताना बी वाढवा, ५० च्या खाली गेलं तर दुसरं शोधा. पाऊस ओसरला की मेथी, पालक, तांबडी भाजी, मुळा, शेपू, कोथिंबीर, नवलकोल. मेथी २५-३० दिवसांत काढायला येते, म्हणून सगळे वाफे एका दिवशी पेरू नका. दर दहा दिवसांनी दोन वाफे, हाच दोन दिवसांच्या भाजीचा कणा आहे.

एका वाफ्यात काहीच पाणी न घालता मसूर टाका. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर आपल्याकडे मसूर, वाटाणा, हरभरा येतो. ते कसं येतं हे शहराजवळच्या गावातल्या बऱ्याच मुलांना आता माहीत नसतं. अळसंद्याचं एक झाड महिन्या-दीड महिन्यात हलक्या हाताने उपटून मुळं धुवा. गाठी कापल्यावर आत गुलाबी दिसल्या तर त्या हवेतलं नत्र धरताहेत.

खत, कीड आणि एक कडक नियम

खताला ३ बाय ३ बाय ३ फुटांचा खड्डा किंवा विटांची चौकट. एक थर वाळका पाला, एक थर हिरवा कचरा आणि स्वयंपाकघरातल्या साली, वर शेणकाला, मूठभर जुनं खत. ओल पिळलेल्या फडक्याइतकी. दर पंधरा दिवसांनी उलथवलं तर अडीच-तीन महिन्यांत काळं, वास नसलेलं खत मिळतं. जीवामृताची हौस असेल तर २० लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ ढवळून, आठवड्याच्या आत संपवायचं. मातीत घाला, काढणीला आलेल्या पालेभाजीवर शिंपडू नका, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय कुणी जेवायला बसायचं नाही. माझा अनुभव असा की जीवामृताचा ड्रम सगळ्यांना आवडतो आणि खताच्या खड्ड्याकडे कुणी बघत नाही. काम मात्र खड्डाच जास्त करतो.

मावा, पांढरी माशी दिसली तर निंबोळी अर्क: एका लिटरला ५० ग्रॅम वाळक्या निंबोळीच्या गराची पूड रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, चिमूटभर साबण, संध्याकाळी फवारणी. निपाणीकडे घरोघरी तंबाखू असल्याने तंबाखूचा काढा मारायची सवय आहे. शाळेत तो अजिबात नको. निकोटीन हे विषच आहे. शिवाय तंबाखूचा मोझॅक रोग टोमॅटो-मिरचीला हातांवरून लागतो. ज्यांच्या घरी विड्या वळतात किंवा तंबाखूचं काम चालतं त्या मुलांनी रोपांना हात लावण्याआधी हात साबणाने धुवावेत. तंबाखू मळणाऱ्या पाहुण्यांनीसुद्धा.

कीटकनाशकाचा डबा, रिकामा धुतलेला असला तरी, शाळेच्या आवारात येता कामा नये. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणात कीटकनाशक मिसळलं गेलं आणि २३ मुलं गेली. यावर चर्चा नाही, सवलत नाही.

वही आणि शिवार

बागेची वही रोज एका मुलाने लिहायची: पाऊस, पाणी, पेरणी, काढणी किलोत, आणि त्या दिवशीचा बाजारभाव. महिन्याला बेरीज करून एसडीएमसीपुढे वाचायची. समिती सदस्यांना कविता ऐकवण्यापेक्षा '२३ किलो भाजी, बाजारभावाने इतके रुपये' हे वाक्य जास्त टिकतं.

वहीतला सगळ्यात मोलाचा प्रयोग भाताचा. एक वाफा भाताला द्या. बी आधी मिठाच्या पाण्यात टाका, १० लिटरला ३०० ग्रॅम मीठ. तरंगलेलं काढून टाकायचं, बुडालेलं दोनदा स्वच्छ धुऊन सावलीत वाळवायचं. शक्य झालं तर अर्ध्या वाफ्यात इंद्रायणी, अर्ध्यात बेळगावची बासमती. ही बासमती उंच वाढते, लोळते, उशिरा येते आणि उतारा कमी देते. वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारातून ती का मागे पडली हे मुलांना पुस्तकाविना दिसेल. वास का राहिला हेही कळेल, कारण शेवटी ती शिजवायची आहे.

सुगीत कापणी, झोडणी, वजन. एकरी १६ क्विंटल उतारा धरला तर गुंठ्याला ४० किलो भात पडतं. आपल्या वाफ्यातून त्या हिशेबाने किलोभर भात, पाऊण किलो तांदूळ. १०० ग्रॅमच्या प्रमाणाने सात मुलांचं एक जेवण. एवढ्या भांगलणीनंतर सात मुलांचं! आता उलटा हिशेब करायला लावा. एका लहान मुलाला २२० शाळेचे दिवस गुणिले १०० ग्रॅम म्हणजे वर्षाला २२ किलो तांदूळ, त्याला साधारण ३२ किलो भात, म्हणजे पाऊण गुंठ्याहून थोडी जास्त जमीन. आणि ३० बाय ४० चा एक प्लॉट म्हणजे १२०० चौरस फूट, गुंठ्याहून मोठा. बेळगावभोवतीच्या शिवारात असे प्लॉट रोज पडताहेत, बायपाससाठी सुपीक जमिनी जाण्यावरून हलगा-मच्छे पट्ट्यातले शेतकरी वर्षानुवर्षं भांडले. मुलांना यावर मत द्यायला सांगू नका, फक्त गणित सोडवायला सांगा. घरी जाऊन ती बोलतातच.

वर्षातून निदान दोनदा वर्ग शिवारात न्या: धूळवाफ पेरणीला (पावसाआधीच्या कोरड्या पेरणीला) किंवा भांगलणीला एकदा, सुगीला एकदा. बळ्ळारी नाल्याकाठच्या शाळांनी पूर ओसरल्यावर तिसरी फेरी करावी. कुठल्या पट्टीतलं पीक उभं राहिलं, कुठलं कुजलं, पाणी किती दिवस थांबलं याची नोंद पुढच्या पेरणीला उपयोगी पडते. नाचण्याच्या शेतात थांबून सांगा की १०० ग्रॅम नाचण्यात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळाच्या कित्येक पट. पण सांगून कुणी आंबील पीत नाही; महिन्यातून एकदा शाळेत करून वाढा.

तरुणांचं गणित

शाळा सोडलेल्या मुलाला ताटाचा हिशेब दाखवून उपयोग नाही. तो उद्यमबागला किंवा मच्छेला फौंड्रीत पाळीवर जातो, नाहीतर कोल्हापूर, गोवा, पुण्याला. 'मातीशी नातं' वगैरे त्याला सांगणाऱ्याने स्वतः किती एकर केली ते आधी सांगावं. नोकरी सोडून शेती कर असा सल्लाही देऊ नये. पाळी सांभाळून करता येईल आणि सहा आठवड्यांत पैसे दिसतील असं काम त्याच्यापुढे ठेवा.

माझ्या मते पहिलं काम रोपवाटिका. ९८ कप्प्यांचे १०२ ट्रे म्हणजे जवळजवळ १०,००० रोपं, आणि वाट सोडून ते ३०० चौरस फुटांच्या शेडनेटमध्ये बसतात. कोबी, टोमॅटो, मिरचीची रोपं २५ ते ४० दिवसांत जातात. दोन अटी: मागणी आणि आगाऊ रक्कम हातात आल्याशिवाय बी टाकायचं नाही, आणि चार-पाच जणांनी पाणी घालायच्या पाळ्या लिहून लावायच्या. शाळेच्या वाफ्यांना लागणारी रोपं त्यांनी फुकट द्यायची, बदल्यात शाळेने शेडसाठी कोपरा द्यायचा का, हे एसडीएमसीने ठरवावं. सरकारी जागेवर धंदा म्हटला की तक्रार होते, म्हणून जागा शक्यतो खासगीच घ्या.

दुसरं काम विक्रीचं. बेळगावातून रोज गोव्याला भाजी जाते. शिवारातला माल एकत्र करून, निवडून, वजन करून गाडीत भरणं हे तरुणांचं काम आहे आणि त्यात मोबाइलचा खरा उपयोग होतो. दोन वर्षं हिशेब चोख राहिला तरच शेतकरी उत्पादक कंपनीचा विचार करा. कायद्याने दहा उत्पादक पुरेसे असले तरी दहा जणांच्या सह्या मिळणं आणि दहा जणांनी माल देणं यात फरक पडतो.

गणेश मंडळं आणि तालमी विसरू नका. गावातली खरी संघटित ताकद तिथे आहे. विसर्जनानंतरचं निर्माल्य, प्लास्टिक आणि दोरे काढून, शाळेच्या खड्ड्यात आणायची जबाबदारी मंडळाने घ्यावी. खुशीने घेतात, कारण नाव होतं. कुंपणाचे खांब रोवणं, वाफ्याची पहिली खणणी ही एका रविवारची कामं. कॉलेजच्या एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर गावात येणार असेल तर भिंती रंगवण्यात ते घालवू नका, चर आणि शोषखड्डे काढून घ्या.

बी आणि सुट्टी

बियाणांची सुरुवात अळसंदे, घेवडा, मेथी, टोमॅटो यांनी करा. यांचं बी सहसा जातीवर टिकतं. भोपळा, काकडी शेजारच्या वेलांशी मिसळतात, ते पुढे कधीतरी. दाणा दाताखाली कट्कन तुटेपर्यंत वाळवा, राख किंवा कडुनिंबाचा पाला घालून काचेच्या बरणीत भरा, चिठ्ठीवर वाण, कुणाच्या घरचं, कुठल्या महिन्यातलं हे लिहा. आजी-आजोबांकडून आलेल्या वाणाला त्यांच्या घराचं नाव द्या. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, वापरायचा, देवाणघेवाण करायचा आणि छापील ब्रँड न लावता विकायचाही हक्क दिलेला आहे. तेव्हा शेजारच्या कन्नड शाळेशी बरण्यांची अदलाबदल बेधडक करा.

दसऱ्याची सुट्टी लहान असते, शाळेजवळच्या चार घरांत पाळ्या लावून निभावते. एप्रिल-मेची सुट्टी निभावत नाही, म्हणून ती टाळा. मार्चच्या मध्यापासून नवीन पेरणी बंद, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शेवटची काढणी, मग रिकाम्या वाफ्यांवर वीतभर पालापाचोळ्याचं आच्छादन. पाणी फक्त शेवगा, केळी आणि कढीलिंबाला, तेही मडकं पुरून: झाडाच्या बुंध्याशेजारी बिनझिलईचं मडकं गळ्यापर्यंत गाडायचं, तीन-चार दिवसांनी भरायचं, तोंडावर कौल ठेवायचं. ही भरणी शाळेशेजारच्या दोन घरांकडे सोपवा आणि त्यांना आधीच ठरवून काहीतरी द्या, निदान केळीचा घड.

शाळा बंद होण्याच्या दिवशी सातवीतली मुलं बागेची वही, बियांच्या बरण्या आणि कुंपणाची किल्ली सहावीच्या हातात देतात, यादी करून, दोन्ही वर्गांच्या सह्यांनिशी. मातीचा नमुना त्याच आठवड्यात रयत संपर्क केंद्रात पोचवा, म्हणजे रोहिणी निघायच्या आत अहवाल मागायला जाता येईल.